लाल रकान्यातला सव्वीस

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फळा आहे आणि मी फार रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुनी वस्तू बोलायला लागली की ती गोड आवाजात आपल्या आठवणी सांगेल, अशी तुमची अपेक्षा असते. माझ्याकडून ती ठेवू नका. मला वर्षभर एका कोठीत, फुटक्या बादल्या आणि हवा गेलेले चेंडू यांच्या सोबतीला, भिंतीकडे तोंड करून उभे केले होते. खोटे बोललो म्हणून नव्हे. खोटे बोलत होतो तोवर मी सगळ्यांचा लाडका होतो.

पण सुरुवातीपासून सांगतो.

शाळांचे फळे बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पातळ पत्रा, त्यावर पांढरा मुलामा, भोवती चौकट. मीही एखाद्या वर्गात जाणार, माझ्यावर बेरजा आणि कविता लिहिल्या जाणार, अशी माझी समजूत होती. पण गाडीवर चढवताना माझा डावा कोपरा आपटला आणि त्याला पोचा आला. तिथल्या तपासनिसाने पोच्यावरून बोट फिरवले, "हा नको," म्हणाला आणि मला बाजूला काढले. त्या दिवशी मला त्याचा राग आला होता. आता वाटते, तो माणूस शंभर नंबरी होता. त्याला खोट दिसली आणि खोट आहे असे तो म्हणाला. एवढी साधी गोष्ट करणारी माणसे पुढे मला फार थोडी भेटली.

पोच्यासकट मला एका फुटबॉल क्लबने नेले. मैदानाला लागून, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, क्लबची उपचारांची खोली होती. दोन उंच खाटा, बर्फाचे पाणी भरायचे एक पिंप, कुठेच न जाणारी एक सायकल आणि दोनदा रंग देऊनही भिंतीतून न गेलेला मलमाचा वास. समोर एक लांबट खिडकी होती, तिच्यातून अर्धे मैदान दिसायचे. तिथे मला टांगले. एका रंगाऱ्याने माझ्यावर तीन उभे रकाने आखले, हिरवा, पिवळा आणि लाल. रेघ मारताना तो श्वास रोखून धरायचा. "रेघ वाकडी गेली तर लोक मला नाही, फळ्याला नावं ठेवतील," असे तो म्हणाला होता. त्याचे हे बोलणे मला पुढे अनेकदा आठवले.

माझे काम सोपे होते. प्रत्येक खेळाडूच्या नंबरची एक गोल चुंबकाची चकती होती. चकती हिरव्या रकान्यात असेल तर तो खेळाडू धडधाकट, सामना खेळू शकतो. पिवळ्यात असेल तर हलका सराव. लाल रकान्यात असेल तर विश्रांती, मैदानावर पाऊल ठेवायचे नाही. रोज सकाळी फिजिओ बाई, ज्यांना सगळे ताई म्हणत, एकेकाला खाटेवर बसवून तपासायच्या आणि साडेआठपर्यंत चकत्या लावून लहान मुलांच्या संघाकडे निघून जायच्या. बरोबर नऊला प्रशिक्षक यायचे. दारात उभे राहून मला वाचायचे, वहीत उतरवून घ्यायचे आणि जायचे. नऊ वाजता फळ्यावर जे असेल ते पक्के, त्यानंतर बदल नाही, हा त्यांचा नियम होता. माझ्या चौकटीवर ताईंनी एक चिठ्ठी चिकटवली होती. तिच्यावर लिहिले होते, 'चकत्यांना हात लावू नये.'

पहिली काही वर्षे मी तोऱ्यात होतो, हे कबूल करतो. खोलीत येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघायचा. पाहुणे आले की क्लबची माणसे मला दाखवून म्हणायची, "आमच्याकडे कुणाला काही विचारावं लागत नाही. फळा बघितला की झालं." हे ऐकून मी फुगून जायचो. या वाक्यात वाईट काय आहे, ते कळायला मला शिंगरू भेटावा लागला.

शिंगरू म्हणजे सव्वीस नंबर. वय वर्षे सतरा, पाय लांबच लांब, क्लबच्या लहान संघातून नुकताच मोठ्या संघात आलेला. पहिल्याच सकाळी तो घाईघाईने आत आला आणि सायकलला अडखळला. खाटेवर आडवा झालेला कप्तान खो खो हसला.

"अरे, हे शिंगरू कुणी सोडलं आत? याला आधी पाय कुठं ठेवायचे ते शिकवा कुणीतरी."

नाव चिकटले ते चिकटलेच. कप्तानाला सगळे दादा म्हणत. त्याचा नंबर आठ, वय तेहतीस, आणि गुडघ्याला पट्टी गुंडाळल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे.

शिंगरू मधल्या फळीत खेळायचा. मधल्या फळीतल्या माणसाकडे चेंडू चहूकडून येतो आणि त्याला तो चहूकडे पाठवायचा असतो, तोही कुणीतरी पाठीवर धावून यायच्या आत. खिडकीतून मी त्याला बघायचो. चेंडू त्याच्याकडे निघाला की तो पोचायच्या आत शिंगरू दोनदा मान वळवून मागे बघायचा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. प्रत्येक वेळी, न चुकता.

"मागं काय बघतोस रे सारखा? घरचे येणार आहेत का कुणी?" दादाने एकदा विचारले.

"चेंडू पायात आल्यावर बघायला वेळ नसतो, दादा. म्हणून आधीच बघून ठेवतो."

दादाची थट्टा तिथेच थांबली. "हे कळायला मला दहा वर्षं लागली," तो म्हणाला आणि पट्टी गुंडाळू लागला.

पहिल्या सामन्यात शिंगरूला शेवटची वीस मिनिटे उतरवले. माझ्या डोक्यावरच्या पायऱ्यांवर लोक पाय आपटत होते आणि छताचा चुना माझ्यावर पडत होता. पुढे तीन सामन्यांतही त्याला अशीच वीस-वीस मिनिटे मिळाली. सकाळी खाटेवर बसून तो ताईंना घरच्या गोष्टी सांगायचा. घरी आई आणि तो, दोघेच. आई पंख्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. फिरताना खडखडणाऱ्या पंख्याला ती लाल चिकटी लावून बाजूला काढायची. "घरीपण तसंच, ताई. मी जिना चढायला लागलो की नुसत्या पावलांवरून ओळखायची, जिंकून आलोय की हरून." आता तो क्लबच्या वसतिगृहात राहत होता. फोनवर पावले ऐकू जात नाहीत, त्यामुळे आईला तो सांगेल तेवढेच कळत होते.

त्याच सुमारास त्याने चौदा नंबरचे काय झाले तेही बघितले. चौदा नंबर माझ्या लाल रकान्यात चार महिने होता. पहिल्या आठवड्यात सगळे त्याच्या खाटेशी गर्दी करत. पुढे लोक दारातूनच हात हलवू लागले. मग एका सकाळी प्रशिक्षकांनी ती चकती उचलली, टेबलाच्या खणात टाकली आणि खण गुडघ्याने ढकलून बंद केला. झाले. चार वर्षे या संघासाठी धावलेल्या माणसाला निरोपाचे दोन शब्दही मिळाले नाहीत. शिंगरू तेव्हा सायकलवर होता. त्याचे पाय थांबले आणि तो त्या खणाकडे बघत राहिला.

मित्रांनो, पुढे जे घडले त्याची सुरुवात त्या खणापाशी झाली. लोकांनी सगळे खापर त्या पोरावर फोडले म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे.

थंडी पडली आणि मैदान टणक झाले. शिंगरूच्या उजव्या पायाची बाहेरची कड दुखू लागली. मधल्या फळीत सारखे वळावे लागते आणि वळताना सगळा भार त्याच कडेवर येतो. ताईंनी अंगठ्याने कड दाबली.

"इथं?"

"नाही."

"इथं?"

"नाही, ताई." पण त्याची बोटे आत वळली होती. ताईंनी ती बघितली.

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. आठवडाभर नुसती सायकल. नाही थांबलं, तर फोटो काढू हाडाचा." त्यांनी सव्वीस नंबर पिवळ्या रकान्यात लावला आणि त्या गेल्या.

तो गुरुवार होता. शनिवारच्या सामन्यात शिंगरू पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणार होता, कारण त्याच्या जागेवर नेहमी खेळणाऱ्याला एका सामन्याची बंदी होती. खोलीत तो एकटाच उरला. तो खाटेवरून उतरला, माझ्यासमोर आला. मैदानावर बघायचा तसेच त्याने दोनदा मागे बघितले, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग त्याने आपली चकती पिवळ्यातून हिरव्यात सरकवली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला खोटे बोलायला लावले होते! तेही अशा पोराने, ज्याचे मला कौतुक होते. पण मित्रांनो, खरा राग यायचा अजून बाकी होता. नऊ वाजता प्रशिक्षक आले. तेवढ्यात शिंगरू दाराकडे निघाला होता आणि तो लंगडत होता. प्रशिक्षकांनी ते बघितले. ते बघत आहेत हे मी बघितले.

"काय रे, पायाला काय झालं?"

"काही नाही, सर."

त्यांनी माझ्याकडे नजर टाकली. "फळ्यावर हिरवा आहेस ना?"

"हो, सर."

"मग झालं तर." आणि त्यांनी वहीत लिहून घेतले.

मग झालं तर! समोर जिवंत मुलगा लंगडतो आहे आणि या माणसाला पत्र्याचा शब्द हवा आहे. तळपायाची आग मस्तकाला गेली असती, पण मला तळपायही नाहीत. दहाला ताई परत आल्या आणि दारातच थबकल्या.

"मी तुला पिवळा लावला होता."

"नाही, ताई. हिरवाच होता," शिंगरू म्हणाला. बोलताना तो बर्फाच्या पिंपाकडे बघत होता.

त्या सकाळी ताईंनी बावीस जण तपासले होते. क्षणभर त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना. तरी त्या व्हरांड्यात प्रशिक्षकांमागे धावल्या. मला उत्तर स्पष्ट ऐकू आले. "नऊला हिरवा होता. यादी गेली." ताई परत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि पुढच्या खेळाडूचे नाव वहीत लिहू लागल्या. माझा त्यांच्यावरही राग आहे. त्यांनी आरडाओरडा करायला हवा होता.

शनिवारी शिंगरू असा खेळला की काय सांगू. सामन्यातला एकुलता एक गोल त्याच्या पासवर झाला. छताचा इतका चुना पडला की माझा हिरवा रकाना पांढरा दिसू लागला. प्रशिक्षकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ताईंना ऐकू जाईल असे म्हणाले, "म्हणे पाय दुखतोय!" सगळे हसले. फक्त बूट-कपडे सांभाळणारे काका हसले नाहीत. शिंगरूचा उजवा बूट निघेना, पाय सुजला होता. काकांनी कात्रीने नाडी कापून बूट मोकळा केला. "आईला सांगितलंस?" त्यांनी हळूच विचारले. शिंगरूने नकारार्थी मान हलवली.

सोमवारी ताईंनी ऐकून घेतले नाही. त्यांनी त्याला धरून हाडाचा फोटो काढायला नेले. रिपोर्ट यायला चार-पाच दिवस लागणार होते, कारण तो बघणारे डॉक्टर गावाबाहेर होते. तोपर्यंत सव्वीस नंबर लाल रकान्यात. ताईंनी चकती इतकी जोरात लावली की माझा पत्रा वाजला.

आणि मग शुक्रवार आला. दुसऱ्या दिवशी मोठा सामना होता. ताई साडेआठला गेल्या. प्रशिक्षक त्या दिवशी नऊला नाही, पावणेनऊला आले. खोलीत शिंगरू होता आणि गुडघ्यावर बर्फ ठेवून बसलेला दादा होता.

"रिपोर्ट आला का?" प्रशिक्षकांनी विचारले.

"नाही, सर."

"नाही ना? म्हणजे अजून तरी काही निघालेलं नाही. तुला कसं वाटतंय?"

शिंगरूने टेबलाच्या खणाकडे बघितले. मी बघितले, दादानेही बघितले.

"बरं वाटतंय, सर."

प्रशिक्षकांनी एक बोट चकतीवर ठेवले आणि ती लालवरून, पिवळा ओलांडून, थेट हिरव्यावर नेली. सरकताना चकतीचा माझ्यावर एक ओरखडा उठला. तो अजून आहे. मग त्यांनी घड्याळात बघून नऊ वाजू दिले आणि वही उघडली. दादा बर्फाकडे बघत बसला. कप्तान म्हणवतो! एक शब्द काढला असता तर त्याचे काय बिघडले असते? पण त्या खोलीत सगळ्यांनाच कानाडोळा करायची सवय जडली होती. ताईंना कळले तेव्हा साडेनऊ झाले होते आणि नऊनंतर बदल नसतो.

सामन्याच्या एकतिसाव्या मिनिटाला शिंगरूने दोनदा मागे बघितले, चेंडू घेतला आणि तो वळला. त्याला कुणी धक्का दिला नाही, आसपास कुणी नव्हतेही. तो नुसता वळला आणि खाली बसला. पायऱ्यांवरचे पाय एकदम थांबले. त्याला उचलून आणले तेव्हा तो रडत नव्हता. ताईंचा हात धरून तो एकच सांगत होता, "लालमध्ये लावू नका, ताई. लालमध्ये लावू नका."

सोमवारी रिपोर्ट आला. बाहेरच्या कडेच्या हाडाला बारीक तडा आहे, असे त्यात लिहिले होते. खाली डॉक्टरांनी दोनदा अधोरेखित केले होते, 'सहा आठवडे खेळवू नये.' तोवर त्या हाडाचे दोन तुकडे झाले होते.

हाडात स्क्रू घालावा लागला. दहा दिवसांनी शिंगरू कुबड्या घेऊन सामान न्यायला आला, सोबत त्याची आई होती. कामावरून तशीच आलेली, खिशाला लाल चिकट्यांची गुंडाळी. आत येताच ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने मला वरपासून खालपर्यंत वाचले. प्रशिक्षक आले आणि चेहरा लांब करून म्हणाले, "वाईट झालं, बाई. पण चकती तुमच्या मुलानेच सरकवली होती. आम्हाला फळ्यावर हिरवं दिसलं."

"साहेब," ती म्हणाली, "आमच्याकडं पंख्याला लाल चिकटी लागली की तो पुढं जात नाही. मालक येऊन उभे राहिले तरी जात नाही. आणि पंख्याला तर बोलता येत नाही. माझ्या मुलाला येतं. त्याला विचारलंत?"

"विचारलं ना. बरं वाटतंय म्हणाला."

"सतरा वर्षांचं पोर ते. तुम्ही विचारल्यावर दुसरं काय म्हणणार?" तिचा आवाज चढला नव्हता, पण काका दारातच थांबले. मग ती मुलाकडे वळली. "आणि तू. रोज फोनवर मला सांगायचास, मी मजेत आहे. मी जिन्यावरची पावलं ओळखते म्हणून फोनवरून फसवलंस मला?"

"पहिल्यांदा मीच सरकवली, आई," शिंगरू म्हणाला.

"पहिल्यांदा म्हणजे? दुसऱ्यांदा कुणी?"

शिंगरूने प्रशिक्षकांकडे बघितले. प्रशिक्षकांनी घड्याळाकडे बघितले. खाटेवर बसलेल्या दादाने आपल्या पट्टीकडे. मला तोंड असते तर मी त्या क्षणी सगळी खोली दणाणून सोडली असती. माझ्या अंगावर लालपासून हिरव्यापर्यंत ओरखडा होता, तो कुणी बघितला नाही. नाही, एकीने बघितला. आईने त्यावरून बोट फिरवले, थेट त्या जुन्या तपासनिसासारखे, आणि प्रशिक्षकांकडे वळून ती म्हणाली, "हे काम पोराच्या हातचं नाही. पोर भीत भीत सरकवतं." मग ती मुलाला घेऊन निघून गेली.

पाच महिने शिंगरू माझ्या लाल रकान्यात होता. तो रोज यायचा, आधी कुबड्या घेऊन, मग काठी, मग नुसता. त्याची चकती खणात गेली नाही, कारण ताईंनी खणाला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली होती. एवढे तरी त्यांनी केले. मग पिवळा रकाना आला, मग हिरवा, खराखुरा हिरवा. पुढच्या मोसमात तो पुन्हा खेळू लागला, पुन्हा चेंडू यायच्या आत दोनदा मागे बघू लागला.

मोसमाचा शेवटचा सामना होता. तो जिंकला तर संघ वरच्या गटात जाणार होता आणि पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचे ते त्या सामन्यावरून ठरणार होते. सामना सकाळी अकराचा असल्याने सगळा संघ उपचारांच्या खोलीत जमला होता. ताईंनी सव्वीस नंबर हिरव्यात लावला होता. त्या गेल्यावर शिंगरूने उजवा बूट चढवला, नाडी ओढली आणि तो थांबला. बूट काढला. पायाच्या कडेवर अंगठा ठेवला, ताई ठेवायच्या तसाच. त्याची बोटे आत वळली.

नऊला दोन-तीन मिनिटे कमी होती. प्रशिक्षक दारात आले.

शिंगरू उठला आणि एका पायात बूट, एक पाय उघडा, असा माझ्यासमोर आला. या वेळी त्याने मागे बघितले नाही. डावीकडून नाही, उजवीकडूनही नाही. त्याने सव्वीस नंबर उचलला आणि लाल रकान्यात लावला.

"दुखतंय, सर," तो म्हणाला.

"ताईंनी हिरवा लावला होता," प्रशिक्षक म्हणाले.

"त्यांनी विचारलं तेव्हा मी बरं आहे म्हणालो. खोटं बोललो. तीच जागा आहे."

"आज सामना कोणता आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि उद्या काय ठरणार आहे, तेही?"

"तेही माहीत आहे, सर." त्याने खणाकडे बघितलेसुद्धा नाही.

प्रशिक्षकांचा हात माझ्याकडे आला. तेवढ्यात दादा खाटेवरून उतरला. त्या माणसाला मी अकरा वर्षे बघत होतो आणि वर्षभर मनातल्या मनात शिव्या देत होतो. तो लंगडत आला, आपला आठ नंबर हिरव्यातून काढला आणि पिवळ्यात लावला.

"माझा गुडघा. तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "मागच्या खेपेला मी तोंड उघडलं नाही, सर. याच खाटेवर बसलो होतो. आता चकतीला हात लावायचा असेल तर सगळ्यांसमोर लावा. आणि आता नऊ वाजले."

प्रशिक्षकांचा हात तिथेच थांबला. नियम त्यांचाच होता. त्यांनी वही उघडली आणि माझ्यावर जे होते ते उतरवून घेतले. त्या दिवशी, इतक्या वर्षांत, मला माझ्या जन्माचे पहिल्यांदा समाधान वाटले.

संघ हरला. सोमवारी हुकूम आला, फळा काढा, फळ्यामुळे पोरे लाडावली. काकांनी मला खाली उतरवले. चकत्या काढायलाही कुणी वेळ दिला नाही. शिंगरूला कळवले गेले की संघाला भरवशाचे खेळाडू हवे आहेत. भरवशाचे! हा शब्द वापरताना त्यांची जीभ कशी अडखळली नाही? त्याच्या पायाचा पुन्हा फोटो काढला होता. स्क्रूच्या बाजूला नुकती सूज धरली होती, तीन आठवड्यांच्या विश्रांतीने ती गेली. तो सामना खेळला असता तर पाय गेला असता, असे ताईंनी काकांना सांगितले. मी तेव्हा कोठीच्या दारात आडवा पडलो होतो.

एक वर्ष गेले. कोठीच्या भिंतीतून मला सामने फक्त ऐकू यायचे. एका दुपारी वर पाय आपटू लागले आणि लोक सारखे सव्वीस, सव्वीस म्हणू लागले. मला वाटले, मला भास होतो आहे. सामना संपल्यावर कोठीचे कुलूप निघाले. काका होते आणि त्यांच्या मागे दुसऱ्याच एका संघाचा सदरा घातलेला, खांद्यांनी रुंद झालेला शिंगरू. तो पाहुण्या संघाकडून पूर्ण नव्वद मिनिटे खेळला होता.

"आई आली होती का बघायला?" काकांनी विचारले.

"वर बसलीय. म्हणाली, जिना उतरताना तुझी पावलं ऐकते आणि मग सांगते."

काका हसले. मग त्यांनी बादल्या बाजूला केल्या. शिंगरूने मला दोन्ही हातांनी धरले, भिंतीकडचे माझे तोंड बाहेर वळवले आणि बाहीने माझ्यावरची धूळ पुसली.

"ती चकती घेऊन जा की आठवण म्हणून," काका म्हणाले.

त्याने लाल रकान्यातल्या सव्वीस नंबरकडे बघितले. शेजारी पिवळ्यात दादाचा आठ नंबर होता. "नको, काका," तो म्हणाला. "राहू दे तिथंच."

मित्रांनो, मी अजून रागावलेला आहे आणि हा राग मला जाऊ द्यायचा नाही. आता त्या खोलीत माझ्या जागी काचेचा चकचकीत पडदा आहे, असे ऐकतो. त्यावर चकत्या नसतात, बोट लावले की रंग बदलतो आणि ओरखडाही उठत नाही. म्हणून तुम्हाला विनवतो. तुमच्या घरात, वर्गात, मैदानावर कुणी लंगडताना दिसले तर फळा बघायला जाऊ नका. त्याच्याजवळ बसा, विचारा, आणि तो बरं आहे म्हणाला तरी त्याच्या पायाच्या बोटांकडे बघा. आणि दुखते आहे ते तुमचेच असेल, तर मागे वळून न बघता सांगा. माझ्यावर आयुष्यभर खरे-खोटे खूप काही लावले गेले, पण शेवटचे दोन नंबर ज्यांचे होते त्यांनी आपल्या हाताने लावले आहेत. ते अजून तिथेच आहेत. माझ्या चौकटीवर ताईंची चिठ्ठीही अजून आहे, कडा फाटलेली, पण वाचता येते.

चकत्यांना हात लावू नये.